सुरई आणि आडोसा

रतीबा पाणी पिते तेव्हा आवाज होतो. मातीची सुरई दोन्ही हातांनी उचलायची, ओठ न लावता मान मागे टाकायची आणि धार सरळ घशात सोडायची. गुटुक, गुटुक, गुटुक. बाकीच्या बायका काळ्या शालीआड, पाठ वळवून दोन घोट घेतात. रतीबा वाळवणाच्या मधोमध उभी राहून पिते. पिऊन झालं की मनगटाने हनुवटी पुसते आणि समोर जो असेल त्याच्याकडे बघत राहते, त्याने काहीतरी बोलावं याची वाट बघत असल्यासारखी.

पूर्वी ती अशी पीत नसे. पूर्वी ती उंटीण होती.

इजिप्तमधल्या एस्नाच्या पश्चिमेला, ऊस संपून वाळू सुरू होते त्या पट्ट्यात, टोमॅटो वाळवण्याचं काम चालतं. जमिनीवर पांढऱ्या जाळ्या अंथरायच्या, टोमॅटोचे दोन भाग करून ते तोंड वर करून मांडायचे, वरून मीठ पसरायचं. पहाटे गाडीतून उतरलेली बाई असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या बांगेपर्यंत वाकलेलीच असते. बोटांच्या भेगांत मीठ शिरतं, ओठांवर मीठ येतं, दुपारी जाड पावाबरोबर जे जुनं मुरलेलं चीज खायचं तेही खारट. आणि या कामात बाईची पारख एका गोष्टीवरून होते: ती दिवसातून किती वेळा उठते. उठणं म्हणजे बाजूला जाणं. पुरुष कालव्याच्या बांधामागे जाऊन येतात, त्याची कोणी दखल घेत नाही. बाई उठली तर सगळ्यांच्या माना वळतात. जी एकदाही उठत नाही, ती उंटीण. हे नाव मुकादम देत नाही. बायकाच देतात, आणि कौतुकाने देतात.

लग्नाचा मुलगा घरात असलेल्या आया हंगामात वाळवणावर येऊन बसायच्या. कोणाला तरी भेटायचं निमित्त, पण डोळे पोरींवर. रतीबा सतरा वर्षांची होती तेव्हा हज्जा फहीमा अशीच येऊन बसली. तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी साखर आणि सरबताच्या बाटल्या घेऊन रतीबाच्या घरी गेली आणि म्हणाली, "तुमच्या पोरीच्या पोटाला कुलूप आहे. मला हीच सून हवी."

कुलूप लावायची रीत सोपी होती. पाणी प्यायचंच नाही. तहान लागली तर चूळ भरायची आणि थुंकायची. अगदीच जीव कासावीस झाला तर चहा घ्यायचा, बोटभर उंचीच्या ग्लासातला, उकळून काळा केलेला, तीन चमचे साखर घातलेला. चहाने तहान मोडते आणि पाण्याने पोट जड होतं, हे तिला आईने सांगितलं होतं, आईला आजीने. सत्तावीस वर्षं रतीबाने ते पाळलं. तिची नणंद गलीला तिच्या शेजारच्याच जाळीवर बसायची. तीही उंटीण. दोघी एकमेकींकडे बघून उठायचं टाळायच्या. तेवढीच त्यांची स्पर्धा, आणि तेवढीच मैत्री.

चव्वेचाळिसाव्या वर्षी रतीबाच्या कमरेत कळ आली आणि ती गेलीच नाही. मुतखडे जुने होते, डावी किडनी सडली होती. लक्सरच्या दवाखान्यात ती काढून टाकली. तिथली डॉक्टर, मार्तीना नावाची, चष्मा लावणारी बारीकशी मुलगी, घरी सोडायच्या दिवशी खाटेवर येऊन बसली.

"मावशी, दिवसाला पाणी किती पिता?"

"चहा पिते. दहा-बारा ग्लास."

"मी पाणी विचारलं."

"चहा कशाचा करतात, बाळ?"

मार्तीना हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "तुमचा ग्लास एवढासा, त्यात पाव भाग साखर. ऊन भट्टीसारखं, वर दिवसभर मीठ. अंगातलं पाणी घामातून जातं, ते परत कोण भरणार? उरलेलं घट्ट होतं, त्यातलं मीठ बसतं, त्याचे खडे होतात. आणि लघवी दाबून ठेवता त्याने आत घाण वाढते." तिने रतीबाच्या पिशवीतून डोकावणारी चटई ओढून तिची एक काडी मोडली. "ही जपून ठेवा. लघवी या काडीसारखी फिकट दिसली तर सगळं ठीक. चहासारखी दिसली तर समजायचं, किडनी पाणी मागते आहे. एकच उरली आहे, मावशी. ती गेली तर आठवड्यातून तीनदा इथे, मशीनवर, चार-चार तास."

मग रतीबाने हट्ट धरला म्हणून तिला काढलेली किडनी दाखवली. काचेच्या बरणीत होती. सुरकुतलेली, करडी, वाळवणावरच्या टोमॅटोसारखी. रतीबा बराच वेळ बघत राहिली. तिला रडू आलं नाही. तिला हज्जा फहीमाचा आवाज ऐकू आला, कौतुकाने भरलेला.

घरी परतताना तिने बाजारात कना गावच्या कुंभारांची एक सुरई विकत घेतली. रमजान आला तेव्हा इमामांकडे जाऊन रोज्याचं विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्याला सूट आहे, रोज एका गरिबाला जेवू घाल. शेजारणी तरी कुजबुजल्या. दिवसा पाणी पिताना रतीबाने खिडकी लावून घेतली नाही.

दोन हंगाम घरी काढून ती पुन्हा कामाला लागली. तेव्हा वाळवण गावाला लागून होतं. सुरई सोबत घ्यायची, पीत राहायचं, दिवसातून दोनदा चालत घरी जाऊन यायचं. मुकादम बखीत कुरकुर करायचा, पण तिचा हात इतका चपळ होता की तो गेलेला वेळ भरून काढायची. मालक हाज तोहामीला तक्रार नव्हती. अशी सहा वर्षं निभली.

यंदा हाजने वाळवण हलवलं. धूळ कमी, वारा जास्त म्हणून आत वाळवंटाच्या कडेला, गावापासून गाडीने पाऊण तासावर. तिथे झाड एकच, एक काटेरी बाभूळ, आणि तिच्या सावलीत पुरुषांचा पाण्याचा रांजण. बाकी सपाट जमीन. उभं राहिलं तर क्षितिजापर्यंत लाल दिसायचं आणि त्यावर वाकलेल्या काळ्या पाठी.

पहिल्या दिवशी गाडीतून उतरल्यावर रतीबाने चारी बाजूंना बघितलं.

"काय शोधतेस वहिनी?" गलीलाने विचारलं.

"आडोसा."

"तो बघ की, सुदानपर्यंत मोकळाच आहे."

बायका हसल्या. रतीबाने सुरई उचलली आणि प्यायला लागली.

"अगं नाईल ठेव थोडी, खालच्या गावांना लागेल," कोणीतरी म्हणालं.

"खालच्यांना मी परत पाठवते ना, काळजी करू नकोस," रतीबा म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

दुपारी ती गाडीच्या मागे गेली. अजून खाली बसलीही नव्हती तोच ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि पुढे घेतली. मुद्दाम की अजाणता, देव जाणे. रांजणापाशी बसलेले चार पुरुष तिच्याकडे बघत होते. रतीबा झगा सावरून परत आली, जाळीवर वाकली आणि संध्याकाळपर्यंत तिने सुरईला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात तिने पाहिलं, रंग चहाचा होता. उजव्या कुशीत, जिथे आता एकुलती एक किडनी होती, तिथे कोणी बोटाने दाबल्यासारखं दुखत होतं. उशाशी ठेवलेली चटईची काडी तिने हातात घेतली. आठ वर्षांत ती पिवळी पडली होती, पण अजून काडीच होती.

त्या दिवशी तिने टोमॅटोची रिकामी खोकी, खजुराच्या काड्यांची, एकावर एक रचून वाळवणाच्या टोकाला तीन बाजूंनी भिंत उभी केली. छातीइतकी उंच. वरून शाल टाकली.

बखीत आला. त्याने आधी खोक्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हे काय?"

"आडोसा."

"हे वाळवण आहे का हमामखाना?" त्याने पायाने खालचं खोकं ढकललं. भिंत हलकेच कलली आणि कोसळली. "ज्यांना तासातासाला जावं लागतं त्यांनी घरी बसावं."

"घरी बसले तर खाऊ काय?"

"मग पाणी पिऊ नकोस. कोणी जबरदस्ती केली आहे?"

"डॉक्टरनी केली आहे."

"डॉक्टरला सांग, ये आणि टोमॅटो काप."

रतीबा शाल झटकून परत आली. गलीला मान वर न करता म्हणाली, "कशाला तमाशा करतेस वहिनी? आमच्या आईने तुला निवडलं ते काय बघून?"

"हेच बघून. आणि तिने जे निवडलं ते डॉक्टरनी बरणीत घालून मला दाखवलं."

गलीलाचा सुरीवाला हात थांबला. मग तिने पुढचा टोमॅटो घेतला. तिचे पाय दोन वर्षांपासून सुजायचे, चपलेचा पट्टा घोट्यात रुतायचा. ते रतीबाला दिसत होतं. गलीलालाही दिसत होतं. त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी रतीबा मोठी सुरई घेऊन आली. ऊन चढेपर्यंत तिने ती रिकामी केली. सावकाश, दर जाळी संपली की थोडं, लपवाछपवी न करता. मग सुरी खाली ठेवली आणि वाळवणाच्या अगदी मधोमध, दोन जाळ्यांच्या मधल्या वाटेवर जाऊन उभी राहिली.

"मुकादम, आडोसा तुम्ही पाडलात. मी आता इथेच बसणार आहे. तोंड फिरवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

पन्नास पाठी सरळ झाल्या. रांजणापाशी कोणीतरी फिदीफिदी हसलं. बखीतचा चेहरा काळवंडला.

"तुला लाज नाही?"

"होती. एक किडनी तिला दिली. दुसरी देणार नाही."

ती उभी होती. कुशीतलं बोट आता मूठ झालं होतं. बखीत हलला नाही. पुरुषही हलले नाहीत, आणि बायकाही. त्या क्षणी रतीबाला वाटलं की आपण चुकलो. या सपाट जमिनीवर आपल्यासारखी आपण एकटीच आहोत. तरी ती मागे वळली नाही.

तेव्हा गलीला उठली. गुडघ्यावर हात देत, कण्हत, शिव्या देत. "मेली ऐकायची नाही. आधीपासून अशीच आहे." चालता चालता तिने अंगावरची काळी शाल काढली, दोन टोकं दोन्ही हातांत धरली आणि रतीबापुढे पडद्यासारखी ताणून उभी राहिली. मग दुसरी उठली. मग तिसरी. आठ जणींनी शाली ताणल्या, टोकाला टोक लावलं, आणि कडं पुरं झालं.

हे कडं त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. रस्त्यात कोणी बाळंत झाली, बाजारात कोणाचे कपडे फाटले, कोणा बाईचं प्रेत उघड्यावर सापडलं, तर बायका असं शालींचं कडं धरतात. ते धरलेलं असेतो कोणी पुरुष त्या दिशेला बघत नाही आणि तोंडातून शब्द काढत नाही. त्याबद्दल कोणी कोणाला शिकवत नाही. बखीतला तर मुळीच शिकवावं लागलं नसतं, कारण तो स्वतः पैलतीरी जाणाऱ्या नावेवर, असल्याच कड्यात जन्मला होता. गावातली प्रत्येक म्हातारी त्याला ती गोष्ट ऐकवत आली होती. तोंडापर्यंत आलेली आरोळी त्याने गिळली. पाठ फिरवली. रांजणापाशी बसलेले पुरुषही एकेक करून बाभळीच्या खोडाकडे तोंड करून बसले.

शाली खाली आल्या तेव्हा रतीबा झगा नीट करत बाहेर आली आणि आपल्या जाळीवर बसली.

पण कडं एकदा धरलं गेलं होतं. तासाभराने एक कोवळी पोर, लग्न ठरलेली, मान खाली घालून पुटपुटली, "मावशी, मलापण." दुपारपर्यंत पाच जणी झाल्या. दुसऱ्या दिवशी बायकांनी घरून सुरया, बाटल्या, रॉकेलचे धुतलेले डबे भरून आणले. जायची सोय आहे म्हटल्यावर त्या पिऊ लागल्या आणि पिऊ लागल्यावर त्यांना कळलं की आपल्याला किती तहान होती. घरचं पाणी सकाळीच संपलं. मग त्या सरळ पुरुषांच्या रांजणाकडे गेल्या. बाराच्या आत रांजण कोरडा. आणि दर खेपेला आठ जणी शाली धरून उभ्या, दर खेपेला काम बंद. कापलेल्या टोमॅटोंना मीठ वेळेवर मिळेना. माश्या जमल्या. एका कोपऱ्यातून आंबट वास येऊ लागला.

बखीतने हाजला फोन केला. हाज तोहामी दुपारी आला, पांढऱ्या झग्यात, हातात जपमाळ. त्याने आंबलेल्या जाळ्या पाहिल्या. मग रतीबासमोर येऊन उभा राहिला. आवाज मऊ होता.

"रतीबा, तुझा नवरा माझ्या वडिलांकडे कामाला होता. भला माणूस. कधी वर मान करून बोलला नाही."

"नाही बोलला. तो तुमच्या रांजणातलं पाणी पीत होता, हाज. आम्ही आमचं घरून आणतो."

"मी कोणाला पाणी पिऊ नको म्हटलंय?"

"पिऊ नका असं नाही म्हटलंत. पिऊन जायचं कुठे, तेवढं सांगितलं नाहीत."

हाजने जपमाळेचे चार मणी पुढे सरकवले. "उद्यापासून तू गाडीत बसू नकोस. बाकीच्यांनी हात चालवा. जे झालं ते झालं."

कोणी हललं नाही. रतीबाने सुरी पुसली, फडक्यात गुंडाळली. सुरई उचलायला वाकली तेव्हा तिच्या लक्षात आलं की सुरई तिथे नाही.

ती गलीलाच्या हातात होती.

गलीलाने मान मागे टाकली आणि धार सोडली. उघड्यावर पाणी प्यायची तिला सवय नव्हती. अर्धं तोंडात गेलं, अर्धं हनुवटीवरून गळ्यात, झग्यावर. तिला ठसका लागला. तो ओसरल्यावर ती पुन्हा प्यायली, सुरई रिकामी होईतो. वाळवणावरची सगळ्यांत जुनी उंटीण, चाळीस वर्षांत एकदाही न उठलेली, सगळ्यांदेखत पाणी पीत होती. मग तिने रिकामी सुरई रतीबाच्या हातात दिली.

"हाज," ती म्हणाली, "मला जायचंय."

शाली वर गेल्या. या वेळी आठ नाही, पुष्कळ. हाज तोहामीला आपल्याच वाळवणाकडे पाठ करून वाळवंटाकडे तोंड करावं लागलं. ऊन समोरून येत होतं. आतमध्ये गलीला मुद्दाम वेळ लावत होती. "गुडघे वाकत नाहीत गं," ती आतून रतीबाला म्हणाली, आणि मग हळूच, "हे असं, दुखतं का सुरुवातीला?"

"दुखतं. मग बरं वाटतं."

"रंग बघू नकोस माझा."

"बघते. चहा आहे, गलीला."

गलीलाने पायाने वाळू लोटून ते झाकलं.

कडं सुटलं तेव्हा हाजच्या मानेवरून घाम ओघळत होता. तो रतीबाशी बोलला नाही. बखीतला म्हणाला, "उद्या कच्च्या विटा मागव. भिंत बांध. दार-बीर नाही, त्याला खर्च येतो."

"दाराला आमच्या शाली आहेत," रतीबा म्हणाली. "पण एक रांजण आमचा वेगळा."

हाज गाडीत बसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली तेव्हा रतीबा नेहमीच्या जागी उभी होती. बखीतने मागचं फळकूट पाडलं आणि तो लगेच पुढे जाऊन टायर तपासू लागला, एकेक करून चारही. तेवढ्यात गलीलाने वरून हात दिला आणि रतीबाला आत ओढून घेतलं.

भिंत उभी राहिली. वाकडी आहे, एका बाजूला उतरती, पण बसलेली बाई आत दिसत नाही. रांजण मात्र हाजने दिला नाही. बायकांनी कनाहून आपला आणला आणि भिंतीच्या सावलीत पुरला. तेव्हापासून वाळवणावर नवीनच आरडाओरडा सुरू झाला आहे. आत कोणी गेली की रतीबा जाळीवर वाकल्या वाकल्याच विचारते, पुरुषांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "रंग?"

"काडी," आतून उत्तर येतं.

"रंग?"

"मध."

"मग बाहेर आलीस की एक सुरई. इथे, माझ्यासमोर."

बखीत कानांवर हात ठेवतो, दुसरीकडे जातो. त्याचा चहाचा ग्लास हल्ली अर्धाच राहतो. रांजणापाशी तो दोनदा जास्त जातो, पण ते कोणी त्याला बोलून दाखवत नाही.

गलीला आत गेली की रतीबा विचारते, "रंग?" पण महिनाभर उत्तर यायचं नाही. नुसतं कण्हणं ऐकू यायचं, किंवा, "तुला काय करायचंय." तिचे पाय अजून सुजतात. पुढच्या आठवड्यात रतीबा तिला मार्तीनाकडे घेऊन जाणार आहे. गलीला नाही म्हणाली आहे, तरी नेणार आहे. काल मात्र भिंतीमागून आवाज आला, नाराज, खरखरीत, पण सगळ्या वाळवणाला ऐकू जाईल असा.

"काडी. तुझ्या त्या सडक्या काडीसारखा. झालं समाधान?"

रतीबाने सुरई उचलली. तिने मान मागे टाकली, आणि धार सोडली.